तीन इंचाची फळी

पूर ओसरल्यावर आठवड्याभरानं तालुक्याच्या गावी बैठक झाली. मला बोलावणं नव्हतं, पण दाराशी उभं राहायला कुणी हरकत घेतली नाही. पाऊण तास चर्चा होऊन ठरलं ते असं: बोटीची मोटार 25 हॉर्सपॉवरची होती, ती पुराच्या ओढीपुढं कमी पडली, तेव्हा पुढची खरेदी 40 च्या मोटारीची करावी. माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, "चाळीस कशाला, साठचीच घ्या ना, एकदाचं मिटंल." हशा झाला. चहा आला.

त्या दिवशी दारातून ओरडून सांगायला हवं होतं, ते आता लिहितो. मोटार कमी पडली नव्हती. मोटार तीन इंच वर बसवलेली होती. साठची काय, शंभरची आणून त्याच फळीवर टांगली तरी ती तशीच ओरडेल आणि तशीच बंद पडेल. ओरडेल मात्र जास्त मोठ्यानं.

पुण्या-मुंबईचा वाचक इथं थांबून म्हणेल, बीड जिल्ह्यात बोट? बीड म्हणजे टँकर, ऊसतोड, चारा छावणी. खरं आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. ते धरण आमच्याच केज तालुक्यातलं, धनेगावचं. पण याच जिल्ह्याच्या उत्तर अंगाला गोदावरी वाहते. सिंदफणा जिल्ह्यातून फिरून मंजरथला तिला मिळते. सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे, त्यात पैठणचा उजवा कालवाही येऊन पडतो. भरल्या धरणाच्या काठी उभं राहिलं तर परक्या माणसाला आपण कोकणात आलो की काय असं वाटतं. आणि ज्या नद्यांच्या वाळूत आम्ही 2016 ला झिरे खोदले, त्यांनीच 2025 च्या सप्टेंबरात घरं, गुरं, उभा कापूस, सगळं नेलं. आमच्याकडं एकाच माणसाच्या आयुष्यात घागर घेऊन रांगेला उभं राहणं आणि पत्र्यावर चढून बोटीची वाट बघणं, दोन्ही येतं.

होडीवाचून काय होतं याचा दाखला तर आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन. 10 ऑगस्ट 1763. निजामअली फौज घेऊन गोदावरी उतरून गेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर राहिला. नदीला पूर. माधवराव पेशवे आणि राघोबादादांनी त्याला तिथंच गाठलं. दिवाण मारला गेला आणि पलीकडून निजामाला काहीही करता आलं नाही. शाळेत हे आम्हाला पेशव्यांचा पराक्रम म्हणून शिकवलं. धरणावरचे आमचे नाना जातीनं भोई, तीन पिढ्या नदीवर गेलेल्या. ते ही गोष्ट एका वाक्यात सांगायचे: "दुसरी खेप झाली न्हाई, म्हणून मेला त्यो."

नानांचं हे वाक्य पुढं लागणार आहे.

माझा धंदा मोटारी भरायचा. तीस वर्षं मोंढ्याच्या रस्त्याला दुकान होतं. जळक्या कॉईलचा वास अजून माझ्या कपड्यांना येतो असं घरचे म्हणतात. आमच्याकडं मोटार म्हणजे विहिरीतली नाहीतर बोअरची, आणि तिचा एकच नियम शेतकऱ्याला तोंडपाठ: तिनं पाणी सोडता कामा नये. पाणी खाली गेलं की पाईप जोडा, मोटार खाली सोडा. जितकी खोल तितकी निर्धास्त. या नियमावर माझं पोट चाललं, कारण ज्यांनी तो पाळला नाही त्यांच्या मोटारी माझ्याकडं आल्या.

एक दिवस धरणावरच्या एका मच्छीमारानं टेंपोतून एक भलतीच मोटार आणली. कोकण किनाऱ्यावरून कुणाची तरी जुनी, आठ हॉर्सपॉवरची, पेट्रोलवर चालणारी, होडीच्या मागं अडकवायची. वर डोकं, मधे लांब पाय, खाली पंखा. आमच्या धरणावर तोवर थर्माकोलचे तराफे, ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि दोन-चार लाकडी होड्या. सगळं हातानं वल्हवायचं. पुराच्या दिवसांत गुळाच्या काहिलीत बसून ओढा ओलांडलेली माणसं आमच्या घराघरात सापडतील. त्यात ही मोटार म्हणजे अप्रूप. माझ्याकडं का आणली? तर पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व प्रकारच्या मोटारी दुरुस्त होतील'. पाटी माझीच. मागं कसं हटायचं?

कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, ती सुरू झाली. मग ती होडीवर बसवायला मीच गेलो. मागच्या आडव्या फळीवर अडकवून, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळून मोकळा झालो. पंखा पाण्यात चांगला हातभर खोल गेला. मी खूश. म्हटलं, झकास, पाणी सुटायची भीतीच नाही.

होडी निघाली ती कशी? लंगड्या म्हशीगत. मोटार रडकुंडीला आलेली, मागं पाण्याचा असा फवारा उडतोय की चालवणाऱ्याची पाठ ओली, सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतोय, आणि हवेत पेट्रोलचा वास. शंभर-दीडशे फुटांवर बुडालेल्या जुन्या गावाचा एक ओटा पाण्याखाली होता. होडीचा तळ त्याच्यावरून अलगद गेला. मोटारीचा पाय गेला नाही. खाडकन आवाज झाला. पंख्याची पिन तुटली म्हणून पंखा वाचला. त्या मोटारीत ती पिन तेवढ्यासाठीच असते.

नाना काठावर जाळं विणत बसले होते. होडी ओढून आणल्यावर त्यांनी एकदा मागं वाकून बघितलं.

"मिस्त्री, हिचा पाय लांब हाय आन् होडीची फळी आखूड. कामून एवढी बुडवली?"

"नाना, खोल असली की बरी. पाणी सोडणार नाही."

"आवो, हिरीतली मोटार पाणी वढती. ही पाणी ढकलती. आन् ढकलणाऱ्याला गळ्यापोत्तर पाण्यात हुभं केलं तर त्यो ढकलंल का सोताच अडकंल?"

हे त्यांना कुणी शिकवलं होतं? उमेदीच्या काळात काही वर्षं ते मुंबईकडं ससून डॉकवर हमालीला होते, तिथं बघितलेलं. बाकी सगळं पाण्याची ओळख. मी नंतर कागदोपत्री शोधून पडताळलं, नानांचा शब्द खरा निघाला. या मोटारींचे पाय ठरलेल्या मापांचे येतात: 15 इंच, 20 इंच, 25 इंच. होडीची मागची फळी जितकी उंच, त्याला जुळणारा पाय घ्यायचा. आमच्या होडीची फळी 15 ची आणि मोटारीचा पाय 20 चा. म्हणजे पाच इंच पाय फुकट पाण्यात ओढला जात होता. नानांनी चौकटीच्या लाकडाचे तुकडे फळीवर ठोकून मोटार उचलली. होडी सुसाट निघाली.

आता नीट सांगतो, कारण पुढचा सगळा वाद यावरच आहे. पंख्याच्या वर, पायालाच एक आडवी धातूची पाटी असते, तळहाताएवढी किंवा थोडी मोठी. बाहेरचे मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. वरची हवा पंख्याकडं ओढली जाऊ नये म्हणून ती असते. मोटार सरळ उभी करायची, होडीच्या तळाला एक सरळ काठी लावून ती मागं पंख्यापर्यंत न्यायची. पाटी त्या काठीच्या रेषेत आली पाहिजे. हलक्या, वेगानं पळणाऱ्या होडीला बोटभर वर चालते. भरलेल्या, हळू चालणाऱ्या होडीला रेषेत किंवा किंचित खालीच बरी. फार खाली गेली तर माझ्या होडीचं झालं ते होतं. फार वर गेली तर त्याहून वाईट. पंखा वरून हवा ओढतो आणि फेसात फिरतो. फेसाला काय ढकलणार? मोटारीवरचा भार एकदम सुटतो, ती किंचाळते आणि होडी जागेवर राहते. मोटार थंड ठेवणारं पाणी आत घ्यायची भोकंही तिथंच, पाटीच्या खालीच असतात. त्यांनाही हवा लागते. मग मागून पिचकारीसारखी जी धार उडत असते ती तुटते. त्या धारेला धरणावरची पोरं जो शब्द वापरतात तो इथं लिहीत नाही, तुम्हाला कळला असेल. धार तुटली की काही मिनिटांत मोटार तापून बंद. शिवाय या मोटारीला वेगळं सुकाणू नसतं. ज्या दिशेला ती पाणी ढकलते तेच तिचं सुकाणू. ढकलणं संपलं की वळणंही संपलं.

शेतकऱ्याला हे सांगताना मी विहीर सोडून नांगराचा दाखला देतो. ट्रॅक्टरचा नांगर जास्त खोल लावला तर पुढची चाकं उचलतात आणि इंजिन काळा धूर ओकतं. वर लावला तर फाळ नुसता ढेकळं खरवडतो आणि ट्रॅक्टर रिकामाच पळतो. मग आपण काय करतो? दुसरा ट्रॅक्टर आणतो का? उतरतो, टॉप लिंक दोन आटे फिरवतो, चार पावलं नांगरून बघतो, परत उतरतो. काळ्या रानात एक माप, मुरमाड रानात दुसरं. हे ज्या गावातल्या शाळकरी पोराला कळतं, त्याच गावातली मोठी माणसं मोटारीच्या बाबतीत हॉर्सपॉवर हॉर्सपॉवर करत बसतात. मोठा आकडा सांगायला सोपा असतो. टॉप लिंकचे दोन आटे कुणाला सांगणार?

ही मोटार काही परग्रहावरून आलेली नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून आलेल्या शेतकरी कुटुंबातला एक कारागीर होता, त्यानं 1909 च्या सुमारास ती विकायला काढली. भर उन्हाळ्यात तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला होडी वल्हवत गेला, परत येईतो ते वितळलं, तेव्हा त्याला मोटार सुचली असं सांगतात. खरंखोटं तोच जाणे. पण काढून दुसऱ्या होडीला लावता येईल अशी ती केली, यातच सगळं आलं. जी वस्तू कुठल्याही होडीला लागते ती प्रत्येक होडीला नव्यानं बसवावी लागते.

आता सरकारी बोट.

ती जूनमध्ये आली. फायबरची, पांढरी, दहा माणसांची. मागची फळी 20 इंच, मोटारीचा पायही 20 इंच. म्हणजे जशी आली तशी बसवली असती तर एक खिळा ठोकायची गरज नव्हती. पण जूनमध्ये धरण खाली गेलेलं, काठाला दगड आणि जुन्या बाभळींची खोडं. प्रात्यक्षिकाच्या आधी चालवून बघताना पंखा दगडाला लागला. साहेब लोक यायची वेळ झालेली. मोटारीसोबत आलेल्या माणसानं घाईत तीन इंच जाडीची एक फळी शोधली, ती खाली घालून मोटार वर घेतली आणि चार स्क्रू मारले. नारळ फुटला. दोन साहेब मागच्या बाजूला, मोटारीजवळ बसले, कारण फोटो तिथूनच चांगला येत होता. त्यांच्या वजनानं बोटीचा मागचा भाग खाली दबला, पंखा आपोआप खोल गेला आणि बोट छान पळाली. टाळ्या पडल्या. प्रमाणपत्र झालं.

नाना तोवर थकले होते, काठावर खाटेवर आणून बसवलेले. त्यांनी त्यांच्या पुतण्याला जवळ बोलावलं. बोट चालवायला रोजंदारीवर त्यालाच घेतलं होतं. म्हणाले, "पाणी आलं की ती फळी काढाय लाव. माणसं फुडं बसली की मागून उठंल ही." पोरगा सांगायला गेला. उत्तर मिळालं, "तुझं काम चालवायचं." मग मी गेलो. आता माझं वय आणि पांढरे केस बघून मला खुर्ची दिली, हे कबूल करतो. तिथल्या बाबूनं सांगितलं, "मिस्त्री, कंपनीच्या माणसानं बसवलीय. आपण हात लावला तर वॉरंटी जाते." मी म्हटलं, बरं. चहा घेतला आणि घरी आलो.

ते 'बरं' मला अजून पचलेलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी पाणी आलं. धरणातून सोडलेलं आणि वरून पडणारं, दोन्ही मिळून रात्री आठच्या सुमाराला खालच्या अंगाच्या एका वस्तीला वेढा पडला. एका स्लॅबवर अकरा माणसं. अंतर म्हणाल तर काठापासून चारशे मीटरही नसेल. मधे कापूस, ऊस, ओढा, सगळं एकपाणी झालेलं. बोट आणली. पोरगा दांड्यावर, सोबत एक होमगार्ड. आम्ही काठावर बॅटऱ्या धरून उभे.

पहिल्या खेपेला बाया, लेकरं आणि दोन म्हातारी माणसं, अशी आठ जणं बसवली. तिघे मागं थांबले. त्यात एक आजोबा होते. त्यांना बसा म्हणाले तर म्हणाले, "लेकरं जाऊ द्या, दुसऱ्या खेपंला येतो." बोटीत माणसं कुठं बसली असतील? पुढं. मागं पेट्रोलची टाकी, मोटारीचा आवाज, अंधार. भेदरलेली माणसं एकमेकांना धरून पुढच्या टोकाला गोळा झाली. घरांच्या आडोशाला पाणी संथ होतं तोवर बोट चालली. आडोसा सोडून ओढीला आडवी लागली आणि मोटार किंचाळली.

मला काठावर दिसत काही नव्हतं, पण तो आवाज मी ओळखला. विहिरीनं पाणी सोडलं की मोटार असाच आवाज काढते. तीस वर्षांत हजारदा ऐकलेला. पोरानं गती कमी केली, पंख्यानं पाणी पकडलं, बोट जरा सरली, परत सुटलं. परत पकडलं, परत सुटलं. तो ओरडून माणसांना मागं सरका म्हणत होता. कोण सरकतंय? अंधारात, पाण्याच्या आवाजात, मांडीवर लेकरू घेऊन? मग मोटार थांबली.

बोट आडवी होऊन वाहत निघाली आणि अर्ध्या फर्लांगावर बाभळींत अडकली. पोरानं कमरेचा कासरा सोडून एका बाभळीला तिढा मारला. काट्यांनी हात फाटले तरी सोडला नाही. पहाटे साडेपाचला उजाडल्यावर दुसऱ्या गावच्या माणसांनी दोर टाकून त्यांना काढलं. आठही जणं जिवंत. स्लॅबवर दोघं होते. आजोबा रात्री कधीतरी दावणीच्या म्हशीचं हंबरणं ऐकून दावं कापायला खाली उतरले होते. तिसऱ्या दिवशी ते उसात सापडले.

अहवालात दोन वाक्यं आहेत. एक: चालकानं भार नीट न विभागल्यानं बोट अनियंत्रित झाली. दोन: मयत इसम स्वतःहून खाली उतरला. दोन्ही वाक्यांत खोटा शब्द एकही नाही आणि म्हणूनच मला त्यांची जास्त चीड येते. भार पुढं गेला, हो. पुराच्या रात्री भार पुढंच जाणार, हे जूनमध्ये खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याला कळलं होतं. म्हातारा म्हशीसाठी उतरला, हो. उतरायला तो स्लॅबवर होता, कारण दुसरी खेप झाली नाही. मदतीचे चार लाख घरच्यांना मिळाले. पोराला रोजंदारीवरून काढलं.

माझ्याशी वाद घालणारे तीन प्रकारचे भेटतात.

पहिले म्हणतात, तीन इंचानं काय होतंय. यांना मी एवढंच विचारतो की चाड्यातून बी किती खोल पडावं हे तुम्ही बोटांवर मोजता ना? ज्वारी तीन इंच जास्त खोल पेरून बघा आणि मग उगवायची वाट बघा. यांच्याशी माझं भांडण फार वेळ चालत नाही.

दुसरे म्हणतात, आता हे सगळं एनडीआरएफवर सोडावं. त्या जवानांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांचं काम मी जवळून बघितलं आहे. पाण्यात उतरण्याआधी ते मोटार सुरू करून धार बघतात, माणसं कुठं बसवायची ते स्वतः ठरवतात, मनगटाची दोरी अडकवल्याशिवाय गिअर टाकत नाहीत. पण त्यांची तुकडी पुण्याजवळून निघते आणि राज्याचं दल धुळ्याहून नाहीतर नागपुराहून. भर पावसात, अर्धे पूल पाण्याखाली असताना, ते माजलगाव-गेवराईला पोचेपर्यंतचे जे तास असतात ते कुणाचे? ते तास गावच्या बोटीचे. त्या रात्री वस्तीला वेढा आठला पडला आणि उजाडलं साडेपाचला.

तिसरे लोक शहाणे आहेत आणि त्यांचं म्हणणं मला खरंच ऐकावं लागतं. ते म्हणतात, मिस्त्री, कार्यालयानं काय प्रत्येक फळीवर नजर ठेवायची? वस्तू घेतली, प्रात्यक्षिक झालं, कागद पूर्ण आहे. आणखी काय करायचं? यात तथ्य आहे. टेंडरमध्ये हॉर्सपॉवर लिहिता येते, बोटीची लांबी लिहिता येते, लाईफ जॅकेटची संख्या लिहिता येते. दहा माणसं पुढं गोळा झाल्यावर, ओढीला आडवं लागल्यावर, पाटी पाण्याखाली राहते का, हे लिहायला रकाना नाही. पण मग रकाना नाही म्हणून ते बघायचंच नाही? भरल्या धरणात एकदा दहा माणसं बोटीत घाला. नाहीतर वाळूची दहा पोती पुढच्या टोकाला टाका, ती घाबरत नाहीत. बोट आडवी चालवा, मागं वाकून बघा, कान द्या. एक तास लागतो. पाच लिटर पेट्रोलही लागत नाही. फोटो मात्र चांगला येत नाही, कारण सगळे पोत्यांकडं बघत असतात.

आणि खरी गोम अशी आहे की हे ज्याला कळतं त्याचं कळणं आम्ही मोजत नाही. धरणं झाली तेव्हा नदीवरचे उतार गेले, भोयांची नाव गेली, उतराईचं धान्य गेलं. मासेमारीची सोसायटी झाली, तिथं त्यांची सही लागते, सल्ला लागत नाही. नानांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी काठी घेऊन माप दाखवलं असतं. त्यांना खाटेवर आणून बसवलं ते काठावरचा जुना माणूस म्हणून, फोटोत दिसावा म्हणून. त्यांच्या पुतण्याला दांडा हातात दिला, फळीला हात लावू दिला नाही. आणि बोट बुडता बुडता राहिली तेव्हा अहवालात एकच नाव आलं, दांडा धरणाऱ्याचं. यात गाव म्हणून आम्हीही आहोत. साहेबासमोर खुर्ची मिळाली की आमची जीभ टाळूला चिकटते. माझी चिकटली होती.

नाना त्याच हिवाळ्यात गेले. पुतण्यानं दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतली आणि जोडीनं कोयता घेऊन कारखान्यावर गेला. आता पुराला तो इथं असेल की नाही कोण जाणे.

40 ची मोटार आली आहे. बोट कार्यालयाच्या मागं ताडपत्रीखाली उभी असते. मे महिन्यात मी चौकीदाराला विडी देऊन आत गेलो. सोबत एक सरळ बांबू नेला होता. तळाला लावून मागं सरकवला आणि बघितलं: नवीन मोटार त्याच फळीवर बसवली आहे. पाटी बांबूच्या चार बोटं वर. बाबू बदलला आहे, नवीन पोरगा आहे, सभ्य आहे. म्हणाला, "काका, तोंडी नको, अर्ज द्या." मी अर्ज दिला. बांबूचं माप, बोटीच्या मागच्या भागाचं चित्र, वाळूच्या पोत्यांची चाचणी, सगळं लिहून. त्यानं शिक्का मारून पोच दिली.

पोच खिशात आहे. फळी तिथंच आहे. चारही स्क्रू आता पार गंजलेत, तेव्हा काढायची वेळ आली तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं लागेल.